नाना पेठेतून आणलेला एसी कॉम्प्रेसर, पार्किंगमधे स्वतः बसवला – चार स्टार

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही, ऑफिसात खुर्ची गरम करणारा माणूस आहे, पण ब्रेक पॅड, बेल्ट, प्लग असली कामं घरीच करतो त्यामुळे हात थोडा बसलेला आहे. गाडी 2013 ची वॅगनआर. एप्रिलच्या शेवटी एसी लावला की बॉनेटमधून खर्रर्र असा आवाज यायला लागला आणि आठवड्याभरात कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) जॅमच झाला, बेल्ट घासून जळका वास, सगळा कार्यक्रम.

यातली चीड आणणारी गोष्ट म्हणजे हा कॉम्प्रेसर मागच्याच वर्षी बदलला होता. एका गॅरेजवाल्याने (नाव लिहीत नाही) रिकंडिशन केलेला बसवून दिला होता, साडेसहा हजारात, "साहेब नव्यासारखा आहे". एक उन्हाळा कसाबसा काढला त्याने. यावेळी सर्व्हिस सेंटरला विचारलं तर 31 हजारांचं एस्टिमेट. बाबा म्हणाले खिडक्या उघड्या ठेवा, आम्ही फियाटमधून महाबळेश्वरला गेलोय. बाबांशी कोण वाद घालणार, मी गपचूप पुण्यातली नाना पेठ गाठली, गाडीच्या पार्टचा बाजार.

नाना पेठेत जाताना जुना पार्ट किंवा निदान त्याच्या लेबलचा फोटो बरोबर न्या. एकाच मॉडेलला वर्षाप्रमाणे वेगळे कॉम्प्रेसर असतात, पुलीचे खाचे वेगळे, कनेक्टर वेगळा, आणि काउंटरवरचा माणूस तुमच्या "वॅगनआर 2013" वर विश्वास ठेवत नाही, बरोबरच आहे त्याचं. नवीन, क्लचसकट (पुली कॉम्प्रेसरला जोडतो-सोडवतो तो), 12,400 ला मिळाला. तिथेच रिकंडिशन 5,500 ला होता, दोन मिनिटं मन डळमळलं, मग मागचा उन्हाळा आठवला.

आता माल कसा आहे ते. बॉक्स जाड, आत थर्मोकोल घट्ट, पाइप जोडायच्या दोन्ही तोंडांना टोप्या. टोपी सैल केल्यावर फुस्स आवाज आला पाहिजे, कारण आत ओलावा जाऊ नये म्हणून नायट्रोजन भरून पाठवतात. माझ्यात आला. तुमच्यात नाही आला तर तसाच परत करा, बसवायच्या भानगडीत पडू नका. क्लचची प्लेट हाताने फिरवली तर एकसारखी जड, कुठे अडकत नाही, पुलीच्या बेअरिंगला आवाज नाही. एक स्टार कापलाय तो यासाठी की बॉक्समधे ओ-रिंग (पाइपच्या जोडातल्या रबरी रिंगा) नाहीत, बारा हजारांच्या वस्तूबरोबर वीस रुपयांच्या दोन रिंगा द्यायला काय जातं यांचं? आणि आत कुठलं ऑइल किती आहे ते मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, मोबाइलने फोटो काढून झूम करून वाचलं.

उघडायच्या आधी गॅस. इथे कृपया शहाणपणा करू नका. पहिल्या ज्या माणसाला फोन केला तो म्हणाला, "वाल्व दाबा सर, निघून जाईल दोन मिनिटात." एसीतला आर-134ए गॅस हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या 1430 पट उष्णता धरून ठेवतो, आणि तो उकळतो उणे 26 डिग्रीला, म्हणजे बोटावर किंवा डोळ्यात उडाला तर काय होईल ते समजून घ्या. शेवटी ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने रिकव्हरी मशीन घेऊन घरी येणारा दादा मिळाला, त्याने जुना गॅस ओढून सिलेंडरमधे घेतला आणि म्हणाला, "तुमचं फिटिंग झालं की बोलवा, व्हॅक्यूम आणि गॅस मी करतो." दोन्ही फेऱ्यांचे मिळून 2,200.

काढणं तसं सोपं. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, बेल्ट ढिला करून उतरवा, क्लचची वायर सोडवा, पाइपांचे बोल्ट, मग कॉम्प्रेसरचे बोल्ट. सोपं म्हणजे लिहायला सोपं, शेवटच्या खालच्या बोल्टला माझा पाऊण तास गेला आणि एक नख. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली घुसू नका, खाली स्टँड लावा. आमच्या शेजारचे काका खुर्ची टाकूनच बसले होते, दर दहा मिनिटांनी "अरे जमतंय ना?"

खरी गंमत जुन्या कॉम्प्रेसरचं ऑइल मोजताना झाली. पोराच्या औषधाच्या मापात ओतलं, 35 मिली आलं, रंग काळपट, आणि पांढऱ्या रुमालावर टाकून उन्हात धरलं तर बारीक चमचम, जरीच्या साडीची झटकल्यावर पडते तशी. अॅल्युमिनियमची भुकटी! म्हणजे मागच्या वर्षी त्या गॅरेजवाल्याने आधीचा मेलेला कॉम्प्रेसर काढला, पाइप साफ केले नाहीत, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) बदलला नाही, आणि त्याच कचऱ्यावर दुसरा बसवला. तो एक उन्हाळा टिकला हेच नवल. आणि मी पण तेच करणार होतो, कारण माझ्या यादीत फक्त कॉम्प्रेसर होता.

कॉम्प्रेसरमधून निघालेला कचरा आधी कंडेन्सरमधे (पुढची जाळी, जिथे गॅस थंड होतो) जातो, मग ड्रायर, मग एक्सपान्शन वाल्व (गॅसचा दाब उतरवणारं बारीक तोंड). हल्लीच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की फ्लश मारून सगळं निघेलच याची खात्री नाही, म्हणून परत नाना पेठ, कंडेन्सर 3,800, ड्रायर 650. पाइप फ्लश करून कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवले (हा दुसरा कॉम्प्रेसर, पंक्चरवाल्याचा!). वाल्वपर्यंत जायचा धीर मात्र झाला नाही, तिथे हात टेकले, तेवढी धाकधूक आहे.

नव्यातलं ऑइल जास्त असतं, जुन्यातून जेवढं निघालं तेवढंच ठेवायचं असं दुकानदाराने सांगितलं होतं. ते नुसता कॉम्प्रेसर बदलला तर. माझं कंडेन्सर, ड्रायर, पाइप सगळं कोरडं झालं होतं, 35 मिलीवर चालवलं असतं तर नवीन पण गेला असता. दादाला फोन करून विचारलं, त्याने 100 मधलं फक्त 15 काढायला सांगितलं. बाटली उघडी ठेवू नका, हे ऑइल हवेतलं पाणी पिऊन घेतं. बसवल्यावर इंजिन चालू करायच्या आधी क्लचची प्लेट हाताने दहा-पंधरा वेळा फिरवा, आत साचलेलं ऑइल पसरतं, नाहीतर पहिल्याच झटक्याला दणका बसतो.

दुसऱ्या रविवारी दादा आला, व्हॅक्यूम लावला (म्हणजे आतली सगळी हवा मशीनने ओढून काढली), मशीन बंद करून काट्याकडे बघत बसलो आणि काटा हळूहळू वर. लीक. तो बोलला काही नाही, सरळ जाड पाइपचा जोड उघडला आणि ओ-रिंग माझ्या हातावर ठेवली, एका बाजूने नखाने सोलल्यासारखी कापलेली. "साहेब, रिंगला ऑइल लावलं नव्हतं का?" नव्हतं लावलं. बाटली समोर होती, दिवस मावळत होता, घाईत दाबून बोल्ट कसला. काका नेमके तेव्हाच जागे होते.

रिंग बदलून परत 45 मिनिटं व्हॅक्यूम, अर्धा तास थांबलो, काटा हलला नाही. व्हॅक्यूमला कंटाळू नका, त्यात पाणी साध्या तापमानाला उकळून वाफ होऊन निघून जातं, राहिलं तर वाल्वमधे बर्फ होतो आणि आतून गंज धरतो. गॅस त्याने काट्यावर अंदाजाने नाही भरला, बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम आहेत तेवढे वजन करून. बाहेर 34 डिग्री होतं, गॅसचा दाब लो साइड 35 पीएसआय, हाय साइड 215, आणि मधल्या जाळीत खोचलेला थर्मामीटर 8 वर आला. पोरगं थर्मामीटर सोडायलाच तयार नव्हतं.

सगळं मिळून ओ-रिंग किट, फ्लश आणि ऑइलची छोटी बाटली धरून 20,350 झाले. वाचले 10,650, त्यात दोन रविवार गेले. दोन महिने झाले, आवाज नाही, सिग्नलला उभं असताना पण गार.

दादाला पाच स्टार. दुकानाला चार, कारण वॉरंटी सहा महिने आहे पण ड्रायर नवीन घातल्याचं बिल दाखवलं तरच, आणि हे बिलाच्या मागच्या बाजूला छापलंय, घेताना तोंडाने कोणी सांगत नाही. ड्रायरचं बिल जपून ठेवा, मी कॉम्प्रेसरच्या बॉक्समधेच ठेवलंय. जुना कॉम्प्रेसर बाल्कनीत पडलाय, भंगारवाला दीडशे म्हणतोय, बायको म्हणते फुकट दे पण ने.