बॅडवॉटर की मॅरेथॉन दे साब्ल?

कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत जुलैमध्ये होणारी बॅडवॉटर १३५ ही धावण्याची स्पर्धा समुद्रसपाटीच्या ८५ मीटर खालून सुरू होते आणि २१७ किलोमीटर अंतर ४८ तासांत एकाच दमात कापावे लागते. मोरोक्कोतील सहारा वाळवंटात होणाऱ्या मॅरेथॉन दे साब्लचे सुमारे २५० किलोमीटर मात्र अनेक दिवसांत, टप्प्याटप्प्याने पार होतात. पहिलीत मदतनीस गाडीतून बर्फ पुरवतात, दुसरीत आयोजकांकडून पाणी आणि तंबू मिळतो, पण अन्न व अंथरूण-पांघरूण स्वतःच्याच पाठीवर. बॅडवॉटरमध्ये तापलेल्या डांबराने तळवे भाजतात, म्हणून अनेक जण रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून धावतात. सहारात बुटात शिरणारी वाळू फोड आणते, म्हणून बुटांना कापडी गेटर, म्हणजे वाळू अडवणारी आवरणे, शिवून घेतात. उष्णतेची धास्ती असणाऱ्याला, ओझे असूनही, मी सहाराच सुचवेन, कारण तिथे बहुतेक रात्री शरीराला निवायला उसंत मिळते.