स्मृतिचोर निवडताना: इंटेलेक्ट डिव्हावरर, ऑब्लेक्स की हायड्रोलॉथ?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकत पात्रांची गोष्ट खेळण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत, २०१४ च्या नियमांनुसार, एखाद्या डीएमला (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला) आठवणी चोरणारा राक्षस मोहिमेत आणायचा असेल तर तीन तयार पर्याय समोर येतात. इंटेलेक्ट डिव्हावरर मूळ मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये मिळतो. ऑब्लेक्स आणि हायड्रोलॉथ हे दोघे २०१८ च्या मॉर्डेनकायनेन्स टोम ऑफ फोज या पुस्तकातले आहेत. आमची मोहीम फारुकी सुलतानांच्या काळाच्या धर्तीवर कल्पिलेल्या खानदेशात चालते आणि जळगावला एका मित्राच्या गच्चीवर, ऊन उतरल्यानंतर, आम्ही खेळायला बसतो. या तिघांनाही मी तिथे आणून पाहिले आहे. जो डीएम अजून निवड करतो आहे, त्याच्यासाठी हा आढावा आहे.

या तिघांपैकी खऱ्या अर्थाने फीन्ड, म्हणजे नरकलोकातला दुष्ट जीव, एकटा हायड्रोलॉथच आहे. इंटेलेक्ट डिव्हावररची गणना अ‍ॅबरेशनमध्ये, म्हणजे परक्या विश्वातल्या विकृत जीवांमध्ये, होते, तर ऑब्लेक्स हा ऊझ, म्हणजे लिबलिबीत गोळ्यासारखा जीव आहे. हा फरक नुसता नावापुरता नाही. पॅलाडिनच्या, म्हणजे धर्मयोद्धा पात्राच्या, डिव्हाइन सेन्स या शक्तीला ६० फुटांच्या आत, मध्ये पूर्ण आडोसा नसेल तर, फीन्ड जाणवतो. ऑब्लेक्स त्याच्या शेजारी बसून जेवला तरी जाणवत नाही. प्रोटेक्शन फ्रॉम इव्हिल अँड गुड हा मंत्र फीन्ड आणि अ‍ॅबरेशन या दोघांविरुद्ध चालतो, ऊझविरुद्ध चालत नाही. तुमच्या गटात पॅलाडिन असेल आणि कथेचा सगळा भर ‘आपल्यातला खोटा कोण’ या प्रश्नावर असेल, तर फीन्ड निवडल्याने ते रहस्य पहिल्याच संध्याकाळी उघडे पडण्याची भीती असते.

इंटेलेक्ट डिव्हावररविषयी थोडक्यात सांगतो, कारण कमी लेव्हलच्या गटासाठी तो मी सुचवणार नाही. त्याचे चॅलेंज रेटिंग, म्हणजे राक्षस किती भारी हे सांगणारा आकडा, २ आहे, त्यामुळे नवा डीएम त्याला दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलच्या गटासमोर सहज उभा करतो. डिव्हावर इंटेलेक्ट या त्याच्या हल्ल्याविरुद्ध १२ चा इंटेलिजन्स सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, चुकला की ३ डी ६, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे, टाकायचे, आणि बेरीज पात्राच्या इंटेलिजन्सइतकी किंवा जास्त आली की तो आकडा थेट शून्यावर येतो. इंटेलिजन्स ८ असलेल्या बार्बेरियनचा (रानटी योद्ध्याचा) सेव्ह चुकण्याची शक्यता ६० टक्के असते आणि पुढची बेरीज ८ किंवा अधिक येण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के. म्हणजे एका हल्ल्यात पात्र निकामी होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. ते सावरणारा ग्रेटर रिस्टोरेशन हा मंत्र क्लेरिकला, म्हणजे पुरोहित पात्राला, नवव्या लेव्हलला मिळतो. त्यानंतर हा जीव पात्राचा मेंदू खाऊन कवटीत शिरतो आणि त्या पात्राला जे जे ठाऊक होते ते सगळे त्याला ठाऊक होते. थाळनेरच्या किल्लेदाराच्या डोक्यात तो आधीच शिरलेला आहे, अशी कल्पना उत्तम चालते. मात्र खेळाडूच्या पात्रावर तो सोडला की आठवणींचे नाट्य घडण्याआधीच पात्र संपते. आमच्या गच्चीवर पहिल्या अर्ध्या तासातच असे झाले, आणि दोन आठवडे जीव लावून पात्र तयार करणारा तो मित्र उरलेली रात्र नुसता बघत बसला. चूक माझी होती.

ऑब्लेक्स अगदी वेगळ्या वळणाचा आहे. प्रौढ ऑब्लेक्सचे चॅलेंज रेटिंग ५ असते. तो आठवणी खातो तेव्हा पात्र लगेच कोसळत नाही. पात्राला प्रत्येक अ‍ॅबिलिटी चेकच्या, म्हणजे कौशल्य अजमावणाऱ्या, आणि हल्ल्याच्या फाशातून एक डी ४ (चार बाजूंचा फासा) वजा करावा लागतो. पुन्हा आठवणी गेल्या की डी ४ चा डी ६ होतो, मग डी ८, असे वाढत वाढत डी २० पर्यंत पोहोचले की पात्र तासभर बेशुद्ध पडते. शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोटी विश्रांती, घेतली तरी हा परिणाम जातो. याचा फायदा असा की खेळाडू प्रत्येक फेरीत खेळत राहतो, आणि आपली आठवण झिजते आहे हे हातातल्या फाशाच्या वाढत्या आकारावरून त्याला दिसत राहते. विसरणे हे इतक्या साध्या रीतीने टेबलावर दाखवणारा दुसरा राक्षस माझ्या पाहण्यात नाही.

पण त्याचे खरे बळ लढाईबाहेर आहे. ज्यांच्या आठवणी त्याने खाल्ल्या, त्यांच्या हुबेहूब प्रतिमा तो आपल्याच शरीरातून काढतो. त्या बोलतात, वागतात, ओळखीच्या माणसाला नावाने हाक मारतात. फक्त त्यांना गंधकाचा हलकासा वास येतो आणि प्रत्येक प्रतिमा १२० फुटांपर्यंत लांबणाऱ्या चिकट तंतूने मूळ शरीराशी बांधलेली असते. हे दोन दुवे खानदेशात जितके सहज लपतात, तितके कोणत्याही परक्या नकाशावर मला लपवता आले नसते. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत भर दुपारीही अंधारल्यासारखे असते, खाली पाटाचे पाणी आणि चिखल असतो, वाळलेली पाने बुंध्याला लोंबत असतात. अशा बागेच्या कडेला उभे राहून शेतकरीदादा पात्रांशी बोलत आहेत आणि त्यांच्या टाचेमागून निघालेला ओला तंतू पाटातून आत बागेत गेला आहे, हे खेळाडूंच्या लक्षात यायला आम्हाला दीड बैठक लागली. वासासाठी मी चोपडा तालुक्यातल्या उनपदेवचा गरम पाण्याचा झरा कथेत घेतला आणि मोहिमेतल्या त्या झऱ्याला गंधकाचा वास आहे असे ठरवून टाकले. मग ‘हे लोक आताच झऱ्यावरून आले असतील’ असे खेळाडूंनी स्वतःच म्हटले आणि दुवा हातात असूनही सोडून दिला. आगीची इजा झाली की ऑब्लेक्सचे हल्ले पुढच्या फेरीपर्यंत कच्चे पडतात, त्यामुळे गटात आग फेकणारा विझर्ड असेल तर शेवटची लढाई अपेक्षेपेक्षा लवकर आटोपते, एवढे धरून चालावे.

हायड्रोलॉथकडे वळताना पातळी बदलते. त्याचे चॅलेंज रेटिंग ९ आहे. हा युगोलॉथ, म्हणजे मोबदला घेऊन कुणाचीही चाकरी करणाऱ्या फीन्डांच्या जातीचा, बेडकासारख्या रूपाचा जीव. स्पर्शाने आठवणी पुसणाऱ्या स्टिक्स नदीत तो वावरतो आणि तिच्या पाण्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. दिवसातून एकदा तो ६० फुटांवरून स्टील मेमरी वापरतो. १६ चा इंटेलिजन्स सेव्ह चुकला तर पात्राची सगळी प्रावीण्ये जातात, मंत्र जातात, भाषा समजेनाशी होते, आणि इंटेलिजन्स व करिश्मा ५ वर येतात. प्रत्येक लाँग रेस्टनंतर, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीनंतर, पुन्हा सेव्ह मिळतो, परंतु तोपर्यंत इंटेलिजन्स ५ झालेला असल्याने वीस बाजूंच्या फाशावर १९ किंवा २० लागतात. म्हणजे दर रात्री दहात एक संधी. रिमूव्ह कर्स मात्र हे तत्काळ दूर करतो आणि तो तिसऱ्या पातळीचा मंत्र आहे. म्हणून हायड्रोलॉथ निवडण्यापूर्वी हा मंत्र गटात कुणाकडे आहे, आणि नेमके तेच पात्र बळी पडले तर काय, हे आधी पाहून ठेवावे.

आमच्या गटात एकजण वहीगायन (खानदेशी लोकगायन) करणारी बार्ड, म्हणजे गाण्यातून जादू करणारे पात्र, खेळते. हायड्रोलॉथने तिची स्मृती नेली तेव्हा तिने खोडरबर घेऊन पात्राच्या पानावरची प्रावीण्ये एकेक करून पुसली, मंत्रांची यादी पुसली आणि पान पालथे ठेवले. शेजारच्याने पात्राच्या तोंडून अहिराणीत विचारले, “कथा जाई राहिनी?” (कुठे चालली आहेस?) जिचे सारे घर अहिराणी बोलते ती मुलगी त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. गच्चीवर बराच वेळ कुणी बोलले नाही. ज्या जळगावच्या मातीत बहिणाबाई चौधरींची गाणी, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या तोंडून निघून मुलाने टिपून घेतल्यामुळे वाचली, तिथे गाणारीचे गाणेच जाणे म्हणजे काय हे आम्हाला कुणाला समजावून सांगावे लागले नाही. इतका खोल परिणाम ऑब्लेक्सने कधी साधला नाही.

तरीही हायड्रोलॉथमध्ये एक उणीव आहे, आणि माझ्या मते ती मोठी आहे. ऑब्लेक्स ज्याच्या आठवणी खातो त्याच्या भाषा आणि प्रावीण्ये त्याला मिळतात. इंटेलेक्ट डिव्हावररला तर सगळेच कळते. हायड्रोलॉथच्या स्टॅट ब्लॉकमध्ये, म्हणजे पुस्तकातल्या त्याच्या नियमांच्या तक्त्यात, चोरलेल्या स्मृतीचे पुढे काय होते याचा काहीच नियम नाही. चोरी झाली, पण माल कुणाकडेच नाही, असा तो प्रकार होतो, आणि खेळाडूंना माग काढण्यासाठी काही उरत नाही. शिवाय गेहेना या आपल्या मूळ लोकाबाहेर मारलेला युगोलॉथ गेहेनात पुन्हा आकार घेतो, त्यामुळे त्याला मारूनही हाती काही लागत नाही.

म्हणून मी दोन बदल केले. रात्रीचा सेव्ह पात्राच्या मूळ इंटेलिजन्सवर घ्यायचा, म्हणजे इंटेलिजन्स १० असलेल्या पात्राला दर रात्री दहात एकऐवजी चारात एक संधी मिळते. आणि चोरलेली प्रत्येक स्मृती हायड्रोलॉथ मातीच्या मडक्यात भरून, तोंडाला लाख लावून, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर पाण्याखालच्या पायऱ्यांवर ओळीने मांडून ठेवतो, कारण त्याला पैसे देणाऱ्याला त्या मोजून घ्यायच्या असतात. पाण्यात बुडालेला असताना त्याला हल्ल्यात अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) मिळतो आणि कंट्रोल वॉटर हा मंत्रही त्याच्या हाताशी असतो, त्यामुळे त्या पायऱ्यांपर्यंत जाणे हीच एक पूर्ण मोहीम होते.

गट पाचव्या लेव्हलच्या आसपास असेल, पॅलाडिन असेल किंवा पहिल्यांदाच रहस्यकथा चालवायची असेल, तर ऑब्लेक्स घ्यावा. त्यात काहीही बदलायची गरज नाही. गट आठव्या-नवव्या लेव्हलला पोहोचला असेल, रिमूव्ह कर्स येणारी किमान दोन पात्रे असतील आणि खेळाडू एकमेकांना सांभाळून घेणारे असतील, तर वरच्या दोन बदलांसह हायड्रोलॉथच घ्यावा. आमची बार्ड अजून बरी झालेली नाही. पुढच्या शनिवारी गट होडी घेऊन संगमावर उतरणार आहे, आणि तिचे मडके ओळीत कितवे आहे हे मी वहीत लिहून ठेवले आहे.