मध्ययुगीन चित्रं ऑनलाइन शिकवताना : नऊ महिन्यांनंतर

गिरगावात आमच्या चाळीच्या हॉलमध्ये माझा रविवारचा चित्रकलेचा वर्ग चालतो. बारा-चौदा मुलं, बहुतेक इंटरमिजिएटला बसणारी. गेल्या जूनमध्ये ठरवलं की सराव संपला की शेवटचा अर्धा तास मध्ययुगातली चित्रं बघायची. या विषयाची पुस्तकं परवडण्यासारखी नाहीत, म्हणून सगळी भिस्त संग्रहालयांच्या साइट्सवर, माझ्या जुन्या लॅपटॉपवर आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाच्या साइटचा. कॉपीराइट नसलेल्या कलाकृतींचे फोटो त्यांनी 2017 पासून सगळ्यांसाठी मोकळे केलेत. ओपन अॅक्सेसची खूण दिसली की उतरवून घ्या, छापा, कापा, कोणी विचारत नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मी ए-थ्री प्रिंट काढून भिंतीला लावते. शिवाय एकाच साइटवर युरोपही आहे आणि आपल्याकडची जैन कल्पसूत्राची, म्हणजे तीर्थंकरांच्या चरित्रांच्या पोथीची, पानंही. एका पालकांनी विचारलं होतं, ‘‘बाई, मध्ययुग म्हटलं की युरोपच का?’’ पुढच्याच रविवारी कल्पसूत्र लावलं. चेहरा एका बाजूला वळलेला आणि पलीकडचा डोळा चेहऱ्याबाहेर हवेत काढलेला! मुलं पंधरा मिनिटं नुसती तसे डोळे काढत बसली होती.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनं बुक ऑफ केल्स, म्हणजे येशूच्या चरित्राचं सचित्र हस्तलिखित, पूर्ण ऑनलाइन ठेवलंय. इसवी सन 800च्या आसपासचं, वासराच्या कातड्यावर लिहिलेलं. त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या, नक्षीनं गच्च भरलेल्या पानावर खाली मांजरं आणि उंदीर आहेत. मी सांगितलं नव्हतं, मुलांनीच झूम करत शोधले.

पण माझं खरं आवडतं म्हणजे न्यूयॉर्कच्याच मॉर्गन लायब्ररीच्या साइटवरचं क्रुसेडर बायबल. 1240च्या दशकातलं, पॅरिसचं मानलं जातं. मुळात त्यात बायबलमधल्या गोष्टींची नुसती चित्रं होती. पुढे लॅटिन मजकूर आला, मग 1608 मध्ये पुस्तक इराणच्या शाह अब्बासला भेट गेलं आणि कडेला फारसी ओळी आल्या, त्यानंतर हिब्रू लिपीतली फारसीसुद्धा. माझ्या वर्गातल्या एका मुलीला घरी उर्दू शिकवतात. तिनं समासातलं एक नाव बोटानं दाखवून वाचलं, ‘‘दाऊद!’’ युरोपातल्या चित्रातला राजा डेव्हिड गिरगावात उर्दूच्या आधारानं ओळखला गेला. त्या दिवशी वर्ग पाऊण तास लांबला.

आता तक्रारी. एका संग्रहालयानं ऐन दिवाळीच्या सुट्टीत साइटचा चेहरामोहरा बदलला आणि मी तीन महिने जपून ठेवलेल्या लिंका एका रात्रीत मेल्या. तेव्हापासून आवडलेलं चित्र लगेच उतरवून ठेवते, नावासकट. शोध घ्यायचा तो इंग्रजीतून, मराठी माध्यमाच्या मुलांना ते एकट्यानं जमत नाही. रंगांचा तर भरवसाच नाही. एकाच चित्रातला निळा एका साइटवर आकाशी, दुसरीकडे शाईसारखा. हा निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दी दगडाचा, एवढ्या लांबून आणलेला, असं सांगताना तो पडद्यावर फिकट दिसला की माझाच पोपट होतो. पानांवरच्या सोन्याच्या वर्खाची गत त्याहून वाईट. पडद्यावर सोनं म्हणजे हळद. शेवटी काजूकतली आणली, खोलीतला दिवा बंद केला आणि वर्खावर मोबाइलचा टॉर्च हलवला. वर्ख चांदीचा, पण मेणबत्तीच्या उजेडात पान कसं लखलखत असेल ते मुलांना कळलं. काजूकतली अर्थातच उरली नाही.

यापेक्षा मोठी अडचण मला स्वतःला ऑगस्टपर्यंत कळलीच नव्हती. एका रविवारी दोन गोष्टी दाखवल्या. एक बायो टॅपेस्ट्री, 1066 मधल्या इंग्लंडवरच्या स्वारीची गोष्ट. नाव टॅपेस्ट्री, म्हणजे विणतानाच चित्र उमटवलेलं कापड, असलं तरी ते लिननवर लोकरीच्या धाग्यांनी केलेलं भरतकाम आहे. दुसरं फ्रान्सची राणी जान देव्र्यो हिचं प्रार्थनापुस्तक, 1324 ते 1328च्या दरम्यान जाँ प्युसेलनं चितारलेलं, माणसं बहुतेक राखाडी रंगात. मग विचारलं, प्रत्येकाचा आकार केवढा असेल? सगळ्यांचं एकच उत्तर, ‘‘लॅपटॉपएवढा.’’ एक जण म्हणाला, ‘‘मोठ्या टीव्हीएवढा.’’ आणि त्यांचं चुकलं कुठं? स्क्रीनवर दोन्ही तेवढीच होती. सेंटिमीटरचा आकडा साइटवर असतो, पण खाली बारीक अक्षरात, आणि तो वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

त्यानंतर आकडा आधी, चित्र नंतर. बायोचं कापड सुमारे 70 मीटर लांब आणि जेमतेम अर्धा मीटर उंच, म्हणजे लोकलचे तीन डबे भरून वर थोडं उरेल. आम्ही चाळीच्या गॅलरीत दोरी धरून मोजायला गेलो, दोन जिने उतरावे लागले आणि वाटेत एका काकूंचं वाळवण उचलून ठेवावं लागलं. राणीचं पुस्तक मात्र 9 सेंटिमीटरच्या आसपास उंच, एटीएम कार्डापेक्षा जरासं मोठं. तेवढ्यात पंचवीस पूर्ण पानी चित्रं आणि समासात जवळजवळ सातशे बारकी माणसं-प्राणी. मुलांनी त्या मापाचा कागद कापला आणि एका पानाची नक्कल करायला घेतली. झीरो नंबरचा ब्रशही जाड वाटायला लागला. आजवर एकीचंच पूर्ण झालंय.

एकूण, वर्ग घेणाऱ्यांनी या साइट्स जरूर वापराव्यात, फुकटात याहून चांगलं काही मला तरी सापडलेलं नाही. घरी एकट्यानं बघणाऱ्याला मात्र पहिले काही दिवस भरकटल्यासारखं होईल. मेटवरची कालानुक्रमे लावलेली कलेच्या इतिहासाची टिपणं आधी वाचली तर वाट सापडते.

फेब्रुवारीत मुलांना सीएसएमटीला नेलं. स्टेशन 1888चं, म्हणजे मध्ययुगातलं नव्हे, तेव्हाच्या गॉथिक बांधकामशैलीची एकोणिसाव्या शतकातली आवृत्ती. पण पावसाचं पाणी ओकणारे दगडी प्राणी वर आहेतच आणि रोज त्यांच्याखालून जाणाऱ्या मुलांनी ते कधी पाहिले नव्हते. एकानं मोबाइल वर करून दोन बोटांनी झूम केलं आणि वैतागला, ‘‘बाई, फुटतंय!’’ पुढच्या वेळेसाठी एका पक्षीवेड्या काकांकडून दुर्बीण मागून ठेवली आहे.