उशिरा आलेल्या विद्यार्थ्यांसाठी भंवरकुआजवळचे एक किऑस्क

इंदूरच्या भंवरकुआ चौकातून देवी अहिल्या विद्यापीठाच्या तक्षशिला परिसराकडे जाताना ऑनलाइन अर्ज भरून देणारी कितीतरी दुकाने लागतात. त्यांपैकी एका लहानशा किऑस्कविषयी येथे लिहीत आहे. वेळेत आलेल्या विद्यार्थ्याचा अर्ज कोणीही भरून देतो; मुदत टळलेला, शिक्षण मध्येच सोडून परतलेला किंवा परराज्यातून आलेला विद्यार्थी समोर बसला, की अर्ज भरणाऱ्याला नियम किती ठाऊक आहेत ते कळते. माझ्या नाशिकच्या भाचीचा आणि लोकमान्य नगरातील आमच्या शेजाऱ्यांच्या सुनेचा, असे दोन्ही अर्ज मी येथेच भरून घेतले.

या किऑस्कची सर्वांत मोलाची सवय ही, की चालक संगणकाला हात लावण्याआधी कागद मागतात आणि ते वाचतात. भाचीजवळ महाराष्ट्रातील इतर मागासवर्गाचा दाखला होता आणि तो प्रवर्ग अर्जात नोंदवावा, असा आमचा आग्रह होता. त्यावर ते म्हणाले, "ताई, हा दाखला इथे आरक्षणासाठी चालणार नाही. आरक्षण मध्य प्रदेशच्या मूलनिवाशांना असतं. आपण अनारक्षित प्रवर्ग भरू, नाहीतर पडताळणीत अर्ज अडकेल." भाचीचे तोंड उतरले, पण पैसे भरण्यापूर्वी ही गोष्ट कळणे आणि जागा हातातून गेल्यावर कळणे यांत फार मोठा फरक आहे. त्यांनी स्थलांतर प्रमाणपत्राचीही (मायग्रेशन सर्टिफिकेट) आठवण करून दिली. बारावी महाराष्ट्र मंडळातून झालेली असल्यास ते त्या मंडळाच्या विभागीय कार्यालयातून आणावे लागते. ते नंतर देण्याच्या हमीपत्रावर प्रवेश मिळाला, तरी पुढे विद्यापीठात नामांकन, म्हणजे विद्यार्थी म्हणून नोंदणी, रखडते आणि मग परीक्षेचा अर्ज भरता येत नाही. परराज्यातील पालकांना हा धोका बहुधा परीक्षा तोंडावर आल्यावरच समजतो.

शेजारच्या सुनेचे काम अधिक गुंतागुंतीचे होते आणि किऑस्कच्या चालकांविषयी माझे मत त्या वेळीच पक्के झाले. तिने पदवीचे पहिले वर्ष पूर्ण करून, बाळंतपणासाठी, एक वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन शिक्षण थांबवले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाची 40 श्रेयांके (क्रेडिट) आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतील 4 श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला असे प्रमाणपत्र मिळते. त्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि पदवी एकूण सात वर्षांत पुरी करावी लागते. तिची मुदत शिल्लक होती. तरीही तिला नवा विद्यार्थी म्हणून नोंदवून पहिल्या वर्षापासून बसवण्याचा सल्ला दुसऱ्या एका केंद्रावर मिळाला होता. येथील चालकांनी तिची गुणपत्रिका, जुना नामांकन क्रमांक आणि मिळवलेले श्रेयांक ऑनलाइन जमा ठेवणाऱ्या श्रेयांक बँकेतील नोंद एकत्र पाहिली. नव्याने नोंदणी न करता पुनर्प्रवेशासाठी आधी महाविद्यालयाकडे लेखी अर्ज करा, असे सांगून त्यांनी तिला पैसे न घेता परत पाठवले. जे काम किऑस्कवरून व्हायचेच नाही त्याचे पैसे न घेणारा माणूस प्रवेशाच्या गर्दीत विरळाच भेटतो.

आमच्या समोरच एक गृहस्थही आले होते. मध्य प्रदेशात 2017 मध्ये पदवीला वार्षिक पद्धत परत येण्यापूर्वीच्या सेमिस्टरच्या काळात त्यांनी शिक्षण सोडले होते. जुन्या अभ्यासक्रमाची कमाल मुदत विद्यापीठाच्या अध्यादेशात पाहावी लागेल, ती संपलेली असल्यास नव्याने प्रवेश घ्यावा किंवा दूरशिक्षण देणाऱ्या भोज मुक्त विद्यापीठाचा विचार करावा, असे त्यांना स्पष्ट सांगण्यात आले.

उशिरा येणाऱ्यांना महाविद्यालय स्तरावरील फेरी, म्हणजे सीएलसी, हाच आधार असतो. येथे उरलेल्या जागा त्या दिवशी पोर्टलवर पाहून मगच पसंतीक्रम भरला जातो आणि शुल्काची शेवटची तारीख पावतीवर ठळक लिहून दिली जाते. ती चुकली तर जागा जाते. एक गोष्ट मात्र चालकांनी आपण होऊन सांगायला हवी होती. एका महाविद्यालयात पैसे भरून नंतर दुसरीकडे जागा मिळाली, तर आयोगाच्या 2018 च्या धोरणानुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान 15 दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास प्रक्रियेसाठीची थोडी वजावट सोडून पूर्ण शुल्क परत मिळते, त्यानंतर पण त्या तारखेआधी 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80 टक्के, 30 दिवसांपर्यंत 50 टक्के आणि पुढे काहीही नाही. उशिरा धावपळ करणाऱ्या कुटुंबासाठी ही माहिती सर्वांत उपयोगी आहे आणि ती भिंतीवर लावण्याजोगी आहे.

उन्हाळी अभ्यासक्रमांच्या बाबतीत हे केंद्र तोकडे पडते. त्या 4 श्रेयांकांसाठी कोणते महाविद्यालय नोंदणी घेते, अंतर्वासिता (इंटर्नशिप) चालते का, या प्रश्नांवर "कॉलेजात विचारा" एवढेच उत्तर मिळाले. दरपत्रक समोर लावलेले आहे, पावती मागावी लागत नाही. परंतु बसायला जागा अपुरी आहे आणि शेवटच्या तारखेला वयस्क पालकांना रस्त्यावर उभे राहावे लागते.

अर्जात विद्यार्थ्याचाच मोबाइल क्रमांक टाकण्याची येथे सक्ती आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. काही ठिकाणी घाईत दुकानाचाच क्रमांक टाकला जातो, मग ओटीपी आणि जागावाटपाचे संदेश दुकानात पडून राहतात आणि विद्यार्थ्याला पत्ता लागत नाही. मात्र हेच चालक अर्जाचे पासवर्ड काउंटरवरील उघड्या वहीत लिहून ठेवतात. ही पद्धत त्यांनी तातडीने बंद करावी, असे मी त्यांना सांगितले आहे. तोपर्यंत येथे जाणाऱ्यांनी अर्ज भरून झाल्यावर घरी येऊन पासवर्ड बदलावा.