पोलिसांचा बळवापर: सिटी कौन्सिलपुढच्या दोन मसुद्यांपैकी कोणता?

अमेरिकेतल्या तुमच्या शहराच्या सिटी कौन्सिलपुढे पोलिसांच्या बळवापराचं धोरण फेरविचाराला आलं, की बहुधा दोन निकषांमध्ये निवड असते. एका मसुद्यात 'वाजवी बळ' असतं, दुसऱ्यात 'आवश्यक तेवढंच बळ, तेही शेवटचा उपाय म्हणून'. वाचताना दोन्ही सारखेच भारदस्त वाटतात. फरक कळतो तो घटना घडून गेल्यावर, चौकशी सुरू झाली की.

'वाजवी'चा निकष सुप्रीम कोर्टाच्या १९८९च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर निकालातला. बळ वापरणं बरोबर होतं का, हे त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून ठरवायचं, मागाहून सुचलेल्या शहाणपणातून ठरवायचं नाही. पोलिसांचं प्रशिक्षण याच निकषावर बेतलेलं असतं, निकालांचा साठा तयार आहे आणि पोलिसांच्या युनियनचा विरोधही कमी होतो. पण हे राज्यघटनेनं आखलेलं किमान बंधन आहे. 'हा प्रसंग टाळता आला असता का?' हा प्रश्न त्यात मागे पडतो. काही न्यायालयं तर फक्त गोळी सुटण्याआधीचे शेवटचे काही सेकंद पाहत. मे २०२५मध्ये बार्न्स विरुद्ध फेलिक्स खटल्यात सुप्रीम कोर्टानं ती पद्धत चूक ठरवली. मात्र अधिकाऱ्यानं स्वतःच ओढवून घेतलेल्या धोक्याचं काय, हा प्रश्न कोर्टानं खुलाच ठेवला.

'आवश्यक'चा निकष ही उणीव भरून काढतो. कॅलिफोर्नियाच्या १ जानेवारी २०२०पासून लागू झालेल्या कायद्यात अधिकाऱ्याचं आधीचं वागणंही विचारात घ्यावं लागतं. एखादी व्यक्ती फक्त स्वतःच्याच जिवावर उठली असेल आणि इतरांना धोका नसेल, तर तिच्यावर प्राणघातक बळ वापरता येत नाही. पण इथे मेख आहे: कायद्यातलं 'आवश्यक' फक्त प्राणघातक बळापुरतं आहे. तुमच्या शहरानं तोच मजकूर जसाच्या तसा उचलला, तर जमिनीवर पाडणं, टेसर (विजेचा झटका देणारं हत्यार), काठी हे सगळं जुन्या 'वाजवी'खालीच राहतं.

आपल्या लोकांसाठी ही जागा फार महत्त्वाची आहे. २०१५मध्ये अलाबामातल्या मॅडिसन इथे मुलाकडे राहायला आलेले, इंग्रजी न येणारे एक गुजराती आजोबा फुटपाथवरून फिरत होते. शेजाऱ्याच्या फोनवरून पोलीस आले आणि एका अधिकाऱ्यानं त्यांना जमिनीवर आपटलं. आजोबांना अंशतः पक्षाघात झाला. अधिकारी पुढे निर्दोष सुटला. भारतातून राहायला येणाऱ्या आईवडिलांवर येऊ शकणारा प्रसंग बहुधा असाच, बंदुकीविना. म्हणून 'आवश्यक' हा शब्द सगळ्याच बळाला लागू असलेला मसुदा निवडा. न्यू जर्सीतल्या कॅमडेननं २०१९मध्ये बळ हा शेवटचा उपाय मानणारं धोरण आणलं, ते नमुना म्हणून चाळावं.

निव्वळ बंदीच्या यादीवर भाळू नका. न्यूयॉर्क पोलिसांच्या नियमांत १९९३पासून चोकहोल्डला, म्हणजे गळा आवळून धरण्याला, मनाई होती, तरी २०१४मध्ये पोलिसानं तसं धरल्यावर एरिक गार्नर गेले. मिनियापोलिसच्या धोरणात, सहकारी जादा बळ वापरत असेल तर त्याला अडवण्याचं कर्तव्य २०१६पासून लिहिलेलं होतं. २०२०मध्ये तिथेच जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर पोलीस अधिकाऱ्याचा गुडघा नऊ मिनिटांहून जास्त वेळ होता, त्यात ते गेले, आणि हजर असलेल्या इतर तीन अधिकाऱ्यांनी तो हटवला नाही. कनिष्ठानं वरिष्ठाला कसं थांबवायचं याचा सराव करून घ्यावा लागतो. न्यू ऑर्लिन्सनं २०१६मध्ये त्यासाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. लुइव्हिलमध्ये संवाद आणि अंतर राखून प्रसंग निवळवण्याच्या प्रशिक्षणानंतर बळवापराच्या घटना सुमारे २८ टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासात आढळलं. तेव्हा मसुद्यासोबत प्रशिक्षणाच्या पैशांची तरतूद आहे का, ते बजेटमध्ये शोधा.

कौन्सिलचे हात किती लांब आहेत, हेही आधी पाहून घ्या. न्यू जर्सीत राज्याच्या अॅटर्नी जनरलचं धोरण प्रत्येक पोलीस खात्यावर बंधनकारक आहे. एडिसन असो वा जर्सी सिटी, स्थानिक नियम त्याहून कडक होऊ शकतात, सैल नाही. सिएटलच्या कौन्सिलनं २०२०मध्ये जमावावर अश्रुधूर वगैरे वापरण्यावर बंदी घातली. शहराचं पोलीस खातं तेव्हा फेडरल न्यायालयाच्या देखरेखीखाली असल्यानं न्यायाधीशांनी ती लगेच रोखली. शिस्तभंगाची कलमं अनेक ठिकाणी युनियनशी वाटाघाटी केल्याविना बदलता येत नाहीत.

जनसुनावणीत बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात. त्याआधी बदल खुणावलेली प्रत सिटी क्लार्ककडून मागून घ्या आणि 'शक्य असल्यास' कुठे कुठे आलंय ते अधोरेखित करा. इशारा देणं, अंतर राखणं, वैद्यकीय मदत बोलावणं यांच्यामागे ते जोडलेलं असेल, तर 'शक्य का नव्हतं' हे अहवालात लेखी नोंदवण्याची अट घालायला सांगा. मग विचारा: नुसती बंदूक रोखली तरी अहवाल लागतो का? तो किती तासांत द्यायचा? आणि घटनेत स्वतः सामील असलेला सार्जंटच तो तपासणार आहे का?