रशियन हेलिओस, प्लास्टिकची पन्नास आणि मालवणातला दमट पावसाळा

आधीच सांगतो, मी काही फोटोग्राफर वगैरे नाही. मालवणात दुकान आहे, दिवसभर तिथे बसतो, दुकानाचं शटर उघडायच्या आधी तासभर कॅमेऱ्याचं शटर दाबतो, आणि रविवारची संध्याकाळ, बस एवढंच. कॅमेरा कॅननचा १३००डी, मामेभावाने वापरून कंटाळून दिलेला, सोबत कॅमेऱ्याबरोबर येते ती ठरलेली १८-५५ झूम लेन्स. त्याच्यावर वर्षभरात दहा हजारांच्या आसपास घातले, एकदम नाही, थोडे थोडे करून, म्हणजे घरात कळलं नाही असं म्हणा. त्यात काय वसूल झालं आणि काय पाण्यात गेलं ते लिहितो.

पहिली घेतली ती सेकंडहँड ५० एमएम एफ/१.८ एसटीएम लेन्स, ५२०० ला (एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं आणि उजेड जास्त). ही २०१५ ला आलेली लेन्स, वजन १६० ग्रॅम, जुन्या मॉडेलचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला अडकतो तो भाग, प्लास्टिकचा होता तो हिला धातूचा दिलाय, बाकी अंग मात्र प्लास्टिकचंच. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, १.६ ने गुणायचं, म्हणजे ५० ची ८० होते, सगळं जास्त जवळ दिसतं, घरातल्या खोलीत माणसाचा पूर्ण फोटो काढायचा तर पाठ भिंतीला लागते. पण आमच्याकडे हिचं खरं काम घरात नाहीच, जत्रेत आहे. दशावतार रात्री सुरू होतो तो पहाटेपर्यंत, पूर्वी पेट्रोमॅक्स असायचे आता सगळीकडे एलईडी, त्यामुळे उजेड वाढला पण रंग मेले. १८-५५ झूम केली की एफ/५.६ वर जाते, तिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, ६४०० करूनही फोटो काळाच. ५० लावली, एफ/२ ठेवला, आयएसओ १६००, शटर १/१०० सेकंद, आणि संकासूर उडी मारतानाही चेहरा धरता आला. शटरचं एक लक्षात ठेवा, मला हे कळायला दोन जत्रा गेल्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण १/२५० ने काढलात तर फोटोत एक पट्टा उजळ एक काळपट असं येतं. १/१०० किंवा १/५० ठेवलं की येत नाही. मी बिचारा सेन्सर खराब झाला समजून मामेभावाला शिव्या घालत होतो.

५० बद्दल एवढंच. चांगली आहे, घ्या, तिच्यावर लिहिण्यासारखं फार नाही, घरच्या डाळभातासारखी आहे.

आता हेलिओस. ४४-२, ५८ एमएम एफ/२, सोव्हिएत रशियातली, झेनिट कॅमेऱ्यांबरोबर यायची, मुळात जर्मनांच्या झाइस बायोटारवरून उचललेलं डिझाइन. माझीचा नंबर ७९ ने सुरू होतो, या लेन्सवर नंबरातले पहिले दोन आकडे बहुतेक वेळा बनवल्याचं साल असतं, म्हणजे १९७९ ची. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी बाई आहे. ३४०० ला पडली, वर ती कॅननला बसवायचा ॲडॅप्टर ४५०. माउंट एम४२, म्हणजे आट्यांचा, बरणीच्या झाकणासारखं फिरवून बसवायचं. कॅननवाल्यांना साधा रिंगवाला ॲडॅप्टर चालतो, लांबचंही शार्प येतं. निकॉनचा डीएसएलआर असेल तर थांबा, तिथे लेन्स सेन्सरपासून मिलीमीटरभर जास्त लांब बसते आणि साध्या रिंगने लांबचं फोकसच होत नाही, काचवाला ॲडॅप्टर घ्यावा लागतो आणि त्या स्वस्तातल्या काचेने सगळी मजा जाते.

खरं तर ही माझी दुसरी हेलिओस. पहिली ज्याच्याकडून मागवली त्याने 'काच एकदम क्लीन' म्हणून लिहिलं होतं, आली तर वरून चकाचक, पण मोबाइलची टॉर्च मागून मारली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. त्याला व्हिडिओ पाठवला तर म्हणे 'फोटोत दिसत नाही हो ते'. आठ दिवस वाद घालून अर्धे पैसे परत मिळाले, लेन्स तशीच पडली आहे. तेव्हापासून जुनी लेन्स घ्यायची तर आधी टॉर्च मारलेला व्हिडिओ मागतो, नाही दिला तर पुढे बोलणंच नाही.

वापरायला कशी? तर हिला ऑटोफोकस नाही, कॅमेऱ्याला लेन्स लावलीय हेच कळत नाही, एफच्या जागी ०० दाखवतो. एव्ही मोडवर ठेवा, शटर तो आपला आपण ठरवतो. अपर्चरच्या, म्हणजे लेन्सच्या भोकाच्या, दोन रिंगा, एकीवर आकडा लावून ठेवायचा, दुसरीने उघडबंद करायचं, म्हणजे उघडी ठेवून फोकस करायचा आणि मग मिटवायची. १३००डीचा व्ह्यूफाइंडर एवढासा आणि अंधारा, त्यात फोकस बरोबर आला की नाही ते देवालाच माहीत, म्हणून मागच्या स्क्रीनवर लाइव्ह व्ह्यू लावून १० पट मोठं करून बघायचं, आणि दांडीच्या किनाऱ्यावर उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून डोक्यावर पंचा घ्यायचा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे थांबून माझ्याकडेच बघायला लागले, शेवटी त्यातल्या एकाने विचारलं, "काय रे, वाफ घेतंस काय?"

पण एक फोटो सांगतो. मे महिन्यात शेजारच्या काकी अंगणात आमसुलं घालत होत्या, रातांब्यांच्या साली पसरलेल्या, तिसरं पुट चाललेलं, हात मनगटापर्यंत जांभळे. मागे फणस, फणसामागे माड, पानांच्या फटीतून साडेसहाचं ऊन. एफ/२ वर दोनेक मीटरवरून काढला. काकींची बोटं आणि एक साल, तिच्यावरचा मिठाचा खडासुद्धा दिसतोय, आणि मागची सगळी पानं गोल गोल फिरल्यासारखी, जणू काकींच्या भोवती कोणीतरी भोवरा सोडलाय. याच्यासाठीच लोक ही लेन्स घेतात. मागच्या धूसरपणाला फोटोवाले बोके म्हणतात, आणि गंमत अशी की या लेन्समध्ये कडेचे उजेडाचे गोळे मांजराच्या डोळ्यासारखे लंबगोल होतात, म्हणजे मराठीत बोके म्हणायला काहीच हरकत नाही. लेन्सच्या नळीतून तिरका येणारा उजेड कडेला कापला जातो म्हणून ते तसं होतं. त्यामुळेच एक धोकाही आहे, हा भोवरा कडेलाच जास्त असतो आणि आपल्या छोट्या सेन्सरवर कडाच कापल्या जातात, तेव्हा नेटवर फुलफ्रेमचे, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचे, फोटो बघून घ्याल तर अर्धाच भोवरा हातात येईल. माझ्या सव्वाशे फोटोंत भोवरा दिसावा असे नऊ आहेत. मागे पानं हवीत, पानांतून उजेड हवा, माणूस बरोबर अंतरावर हवा. मागे समुद्र किंवा चिऱ्याची भिंत असेल तर ही लेन्स आणि ५० यांच्यात काडीचा फरक दिसत नाही.

काकींना तो फोटो आठ बाय बाराचा काढून दिला. बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "माझो फणस खंय गेलो? ह्या सगळा फिरता कित्याक?"

दुसरा दोष म्हणजे सूर्य. आमचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून, संध्याकाळचा चांगला उजेड नेमका समोरून येणार. हेलिओसवरचं कोटिंग जुनं, समोरून ऊन आलं की सगळा फोटो ताकासारखा पांढरट. सिंधुदुर्ग किल्ला सूर्यास्ताला काढला तर तटबंदी राखाडी, आकाश राखाडी, पाणी राखाडी. हाताची सावली लेन्सवर धरली की निम्मं काम होतं, उरलेलं घरी लॅपटॉपवर.

एडिटिंगला मी पैसे घातलेले नाहीत. महिन्याच्या वर्गणीवालं सॉफ्टवेअर माझ्या रविवारच्या छंदाला परवडत नाही, शिवाय वर्गणी थांबवली की फोटो एडिट करायची सोयच जाते हे मनाला पटत नाही. डार्कटेबल घेतलं, फुकट आहे, रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा फोटो, उघडतं. पहिला आठवडा मी त्याला अक्षरशः घाबरत होतो, पन्नासच्या वर मॉड्यूल, एकेकात दहा दहा स्लायडर, कोणीतरी विमान चालवायला बसवल्यासारखं. आता पाचच वापरतो, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, हेझ रिमूव्हल, लेन्स करेक्शन आणि क्रॉप. त्यातलं हेझ रिमूव्हल म्हणजे कोकणासाठीच बनवलंय असं वाटतं, मार्च ते मे जी पांढरी धूसर हवा असते ना, ती आणि हेलिओसचा ताकपणा दोन्ही एकाच स्लायडरने उतरतं. पण पाव भागाच्या पुढे नेऊ नका, तटाच्या कडेला काळी रेघ यायला लागते आणि आकाशात दाणे. लेन्स करेक्शनला ५० आपोआप ओळखता येते, हेलिओस ओळखता येत नाही, कारण फाइलमध्ये लेन्सचं नावच नसतं. अपर्चरसुद्धा नोंदलं जात नाही, म्हणून मी किराणाच्या वहीत लिहितो, त्यामुळे वहीत 'तांदूळ १० किलो' च्या खाली 'एफ ४, माडाखाली, बरा' असं सापडतं.

जत्रेच्या फोटोंत तर रॉ नसती तर मेलोच होतो, एलईडीमुळे रंगवलेले चेहरे हिरवट दिसतात, रॉ असेल तर व्हाइट बॅलन्स मागाहून नीट बसवता येतो, जेपीजीत तेवढा वाव राहत नाही. जिंप नावाचं दुसरं एडिटिंगचं सॉफ्टवेअर पण आहे लॅपटॉपवर, तो रॉ स्वतः उघडत नाही, डार्कटेबलकडे पाठवतो. मार्च २०२५ ला त्याचं ३.० आलं, त्यात फिल्टर लावल्यावर मागाहून बदलता येतात, आधी एकदा लावला की लावला, परत बदलायचा तर अनडू करत मागे जा. मी तो फक्त विजेच्या तारा पुसायला वापरतो. आमच्याकडे कौलारू घर, तुळशीवृंदावन, सगळं छान असतं आणि मधून तीन तारा जातात.

फोनवर एडिटिंगला स्नॅपसीड. फुकट, जाहिराती नाहीत, निक सॉफ्टवेअरचं होतं, २०१२ ला ती कंपनी गूगलने घेतली. सिलेक्टिव्ह हे त्यातलं सगळ्यात कामाचं, बोट ठेवून तेवढाच चेहरा उजळवता येतो. पण त्यात एचडीआर स्केप नावाचं एक बटण आहे ते देवाशप्पथ काढून टाकायला हवं. तारकर्लीचे निम्मे फोटो त्याच्यातून गेलेले दिसतात, समुद्र रंगपंचमीच्या पाण्यासारखा आणि होडीभोवती तेजोवलय. मीही ते केलंय, दोन वर्षांपूर्वीचे माझे फोटो बघवत नाहीत.

पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा चकाकी कापणारा फिल्टर, ३८० चा घेतला तो फसला, १८ एमएमवर आकाश अर्धं गडद अर्धं फिकट येतं आणि फोटोवर पिवळट झाक. पण पावसाळ्यात ओल्या पानांवरची चकाकी तो काढतो आणि हे एक काम एडिटिंगने होत नाही, चकाकीखालचा रंग फाइलमध्ये आलेलाच नसतो तर काढणार कुठून. म्हणून जवळ ठेवलाय.

आणि २२० रुपयांची रिव्हर्स रिंग! दहा हजारांत सगळ्यात वसूल हीच. लेन्स उलटी बसवायची, झाला मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठा फोटो. १८-५५ उलटी लावली तर अपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येत नाही, ती सताड उघडीच राहते आणि केसाएवढंच फोकसमध्ये येतं. हेलिओसला अपर्चरची रिंग तिच्या स्वतःच्या अंगावर, एफ/११ करा, काम झालं. गणपतीच्या आसपास सड्यावर जांभ्यावरच्या पाण्यात सीतेची आसवं फुलतात आणि बाजूला दवबिंदू, ती किडे खाणारी वनस्पती. जवळपास रुपयाच्या नाण्याएवढी जागा फ्रेमभर येते. चिखलात पालथा पडून काढले, शर्ट गेला, पण दवबिंदूच्या एका केसावरच्या चिकट थेंबात अडकलेली चिलटाची तंगडी दिसते हो. सांभाळायचं एवढंच की उलटी लावल्यावर लेन्सची मागची काच उघडी पडते, तिथे समुद्राचं खारं किंवा रेती बसली तर गेली. किनाऱ्यावर उलटी लावूच नका.

शेवटचे सातशे गेले ते कॅमेऱ्यावर नाहीत, डब्यावर. घट्ट झाकणाचा धान्याचा डबा, आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आणि ओल शोषणारे सिलिका जेलचे निळे खडे. जुलैत आमच्या खोलीत मीटर ९० च्या खाली येत नव्हतं, डब्यात ४५ ते ५०. साठ-सत्तरच्या वर काही आठवडे राहिलं की बुरशी धरते आणि ती काचेचं कोटिंग खाते, पुसून जात नाही. खडे गुलाबी झाले की कढईत परतून पुन्हा निळे करायचे, कढई वेगळी ठेवा, ते खडे विषारी असतात. हेलिओसबरोबर चामडी पेटी आली होती, दिसायला लाख सुंदर, पण चामडं ओल धरतं, तिच्यात लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. ती आता माझ्या मुलीची कंचे ठेवायची पेटी आहे.

तेव्हा पाचपैकी मार्क द्यायचेच तर ५० ला साडेचार, हेलिओसला साडेतीन, आणि तेही आधी ५० घेतली असेल तरच. एकच घ्यायची ऐपत असेल तर हेलिओसच्या नादाला लागू नका. ॲडॅप्टर घेताना बाजूचे तीन बारीक स्क्रू बघा, माझे पंधरा दिवसांत ढिले झाले आणि फोकस फिरवला की अख्खी लेन्स फिरायची, घड्याळवाल्याने पाच मिनिटांत आवळून दिले, पैसे घेतले नाहीत.