लॉग होमच्या ‘रद्द झालेल्या ऑर्डर’पासून सावध राहा

नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी, व्हर्जिनिया, जॉर्जिया या पट्ट्यात राहणारी बरीच मराठी मंडळी आता पन्नाशीला आली आहेत. मुलं कॉलेजला गेली की डोंगरात थोडी जमीन घ्यायची आणि तिथे ओंडक्यांचं घर बांधायचं, हा बेत ओळखीच्या कितीतरी घरांत ऐकू येतो. आमचाही तोच होता. अ‍ॅश काउंटीत, नॉर्थ कॅरोलायनात न्यू रिव्हरच्या वरच्या अंगाला आम्ही जमीन घेतली. घराचा आराखडाही काढून झाला होता. पुढे जे घडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण त्याच गोष्टी सांगून आणखी लोकांना फसवलं जात असल्याचं आता आम्हाला कळलं आहे. प्रकरण वकिलाकडे असल्यामुळे विक्रेत्याचं नाव लिहीत नाही.

लॉग होमचे मेळावे मोठ्या शहरांच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतात. तिथल्या एका स्टॉलवर आम्हाला एक मृदू बोलणारे गृहस्थ भेटले. त्यांनी सांगितलेली हकिगत अशी: एका निवृत्त जोडप्याने पूर्ण घराचा माल मागवला, अर्धे पैसे भरले आणि मग नवऱ्याला कॅन्सर निघाला. बांधकाम रद्द झालं. ईस्टर्न व्हाइट पाइनचे ओंडके यार्डात कापून, वाळवून पडून आहेत. उरलेली रक्कम जो भरेल त्याला सगळा माल मिळेल. शिवाय त्यातला काही भाग त्या आजारी माणसाला परत करण्याचा कंपनीचा विचार आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, आपला फायदा होतोय आणि कुणाचं तरी भलंही होतंय. या बनावाची सगळी ताकद या दुसऱ्या भागात आहे. आम्हाला त्या माणसाबद्दल खरोखर वाईट वाटलं होतं.

आमचा आराखडा वेगळा आहे, असं म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, काही हरकत नाही, तुमच्या आराखड्याप्रमाणे माल बदलून देऊ. हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकलं तर तिथेच थांबा. घरासाठी कापलेल्या ओंडक्यांना खाचा पाडलेल्या असतात, खिडक्या-दारांच्या जागा सोडलेल्या असतात, प्रत्येक ओंडक्यावर तो कुठल्या भिंतीत कितव्या थरावर बसणार त्याचा नंबर असतो. माल कापून तयार असेल तर तो दुसऱ्या आराखड्यात बसत नाही. आणि बसवून देता येत असेल तर तो अजून कापलेलाच नाही. म्हणजे यार्डात तयार घर नाही. तुमच्या पैशांतून आता कुठेतरी लाकूड विकत घेतलं जाणार आहे.

मेळाव्यात त्यांनी सही मागितली नाही. तेव्हा आम्हाला तो सभ्यपणा वाटला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा एक नियम आहे: मेळावा, हॉटेलचा हॉल अशा तात्पुरत्या जागी 130 डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेची घरगुती खरेदी केली, तर तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत ती रद्द करता येते. काही अपवाद आहेत, पण विक्रेत्याने रद्द करण्याचा फॉर्म हातात द्यायचा असतो. पूर्णपणे फोनवर किंवा टपालाने झालेल्या व्यवहाराला ही मुभा नाही. आमचा करार आठवड्याने ईमेलवर आला आणि फोनवर सगळं ‘पक्कं’ झालं. वकिलांच्या मते बोलणी मेळाव्यात सुरू झाल्यामुळे यावर वाद घालता येईल, पण समोरच्याने ती पळवाट मुद्दाम तयार ठेवली होती, हे उघड आहे.

पैशांच्या बाबतीतही तसंच. आम्ही बांधकामाचं कर्ज काढणार होतो. बँक असं कर्ज टप्प्याटप्प्याने सोडते. प्रत्येक टप्प्याआधी तिचा माणूस येऊन काम किंवा माल जागेवर आहे का ते बघतो. त्या गृहस्थांनी बँकेला फार वेळ लागतो, तोवर माल दुसऱ्याला जाईल, असं सांगून राहत्या घरावरची क्रेडिट लाइन, म्हणजे घर तारण ठेवून हवं तेव्हा उचलता येणारं कर्ज, वापरायला सुचवलं. तिथे कुणी काही तपासत नाही. पैसे खात्यात येतात आणि वायरने निघून जातात. वीस टक्के इसार, ‘कापणी सुरू’ म्हणून पन्नास टक्के, ट्रक निघण्याआधी उरलेले. ओंडका आमच्या जमिनीवर येण्याआधी 68,000 डॉलर गेले होते. बँकेचा उशीर म्हणजे खरं तर तुमच्या बाजूने उभा असलेला एक फुकटचा तपासनीस आहे. त्याला बाजूला करा म्हणणारा माणूस कोण आहे आणि का म्हणतो आहे, हे विचारा.

ट्रक आले तेव्हा सगळी घाई सुरू झाली. उतरवायचं यंत्र आमच्या खर्चाने. ठरल्या वेळेत माल उतरला नाही तर ड्रायव्हर तासाचे पैसे लावणार. त्या गडबडीत पुढे केलेल्या कागदावर माल तपासून समाधानकारक स्थितीत मिळाल्याचं छापलेलं होतं. पुढे कंपनीने प्रत्येक पत्राला उत्तर म्हणून तोच कागद दाखवला. कायद्याने, पैसे आधी दिले असले तरी, माल तपासून वाजवी मुदतीत नाकारण्याचा हक्क खरेदीदाराला असतो. म्हणून सहीशेजारी ‘तपासणी बाकी’ असं हाताने लिहा, आणि ट्रकवर असतानाच प्रत्येक गठ्ठ्याचा फोटो काढा.

खरा प्रकार काउंटीच्या बिल्डिंग इन्स्पेक्टरमुळे कळला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला: ओंडक्यांचं ग्रेडिंग सर्टिफिकेट कुठे आहे? अमेरिकेत ओंडक्यांच्या घरांसाठी आयसीसी 400 नावाचं मानक आहे, आणि भिंतीत जाणाऱ्या लाकडाची ताकद मान्यताप्राप्त ग्रेडिंग संस्थेने ठरवलेली असावी लागते. शिक्का ओंडक्यावर असतो किंवा सर्टिफिकेट सोबत येतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. त्यांनी गाडीतून ओलावा मोजायचा मीटर आणला. सुकं म्हणून विकलं जाणारं बांधकामाचं लाकूड 19 टक्के ओलाव्याच्या आत असतं. आमच्या ओंडक्यांत मीटर तिशीच्या वर जात होता. काहींच्या टोकांना निळसर बुरशी होती, आणि दोन वेगळ्या मापांचे ओंडके एकाच गठ्ठ्यात बांधलेले होते.

ओल्या लाकडाने एवढं काय बिघडतं, असं भारतातल्या नातेवाइकांनी विचारलं. बिघडतं, कारण लाकूड जाडीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. आडव्या ओंडक्यांची ओली भिंत वाळताना फुटामागे साधारण पाऊण इंच खाली बसते, असं कारागीर धरून चालतात. म्हणजे आठ फुटी भिंत सहा इंचांच्या आसपास. मधले उभे खांब मात्र होते तेवढेच राहतात. माहीतगार बांधणारा खिडकीच्या वर मोकळी फट ठेवतो, खांबाखाली फिरवून खाली घेता येणारे स्क्रू जॅक बसवतो, आणि पुढची काही वर्षं ते थोडे थोडे उतरवत राहतो. आमच्या आराखड्यात यातलं काही नव्हतं, कारण माल वाळवलेला आहे असं लेखी दिलं होतं. तसंच बांधलं असतं तर छताचा भार खिडक्यांच्या काचांवर आणि दारांच्या चौकटींवर आला असता.

त्या इन्स्पेक्टरांचे आभार मानावे तेवढे थोडे. त्यांनी सांगेपर्यंत आम्हाला हेही लक्षात आलं नव्हतं की यादीत छप्पर, खिडक्या, ओंडक्यांमधल्या फटींचं सीलंट, लांब स्क्रू, यातलं बरंच काही नव्हतं. मेळाव्यातल्या चित्रात पूर्ण घर होतं. करारात फक्त भिंती होत्या. या धंद्यातला ठोकताळा असा की राहण्याजोगं घर उभं राहीपर्यंत पॅकेजच्या, म्हणजे विक्रेत्याकडून घेतलेल्या मालाच्या, किमतीच्या अडीच ते तिप्पट खर्च येतो. राहायला जाईपर्यंतचा सगळा खर्च स्वतंत्र माणसाकडून काढून घेतल्याशिवाय पॅकेजची किंमत स्वस्त की महाग हे ठरतच नाही.

विक्रेत्याने सुचवलेला बिल्डर आम्ही राज्याच्या लायसन्सिंग बोर्डाच्या साइटवर शोधला. तो नव्हता. इथे 40,000 डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला जनरल काँट्रॅक्टरचं लायसन्स लागतं. कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाच्या साइटवर कंपनीची नोंदही बघितली: ‘वीस वर्षांचा अनुभव’ सांगणारी कंपनी अगदी अलीकडे नोंदलेली होती. दोन्ही तपासण्या फुकट आहेत आणि चहा होईपर्यंत उरकतात.

मग टेनेसीतल्या एका कुटुंबाशी ओळख झाली. त्यांनाही तीच गोष्ट सांगितली होती: तेच निवृत्त जोडपं, तोच कॅन्सर, तीच अर्धी भरलेली रक्कम. हे कळल्यावर माझे हात थरथरले. पैशांपेक्षाही कुणाच्या तरी आजाराचं असं भांडवल केलं, याचा राग अजून जात नाही.

सध्या परिस्थिती अशी आहे. करारात दूरच्या राज्यात लवादाची अट आहे, त्यामुळे खटला सोपा नाही. पण नॉर्थ कॅरोलायनाच्या फसव्या व्यापारी व्यवहारांविरुद्धच्या कायद्यात सिद्ध नुकसानीच्या तिप्पट भरपाईची तरतूद आहे, आणि आमचे वकील त्या मार्गाने जात आहेत. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे आम्ही तक्रार दिली आहे. टेनेसीच्या कुटुंबाने त्यांच्या राज्यात दिली आहे. ओंडके पट्ट्यांवर उचलून, मध्ये हवा खेळेल असे रचून ठेवले आहेत. ते पुरावा आहेत, त्यामुळे वकिलांनी सांगेपर्यंत एकही कापायचा नाही.

आजारी ग्राहकाची रद्द झालेली ऑर्डर तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीत कुणाला देऊ केली गेली असेल, तर पैसे दिले नसले तरी तुमच्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार नोंदवा. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क करता येते. व्हॉइसमेल, ईमेल, मेळाव्यात मिळालेली माहितीपत्रकं काहीही टाकून देऊ नका. एकच गोष्ट अनेक लोकांना सांगितली गेली हे दाखवता आलं, तर तो गैरसमज होता असं विक्रेत्याला म्हणता येणार नाही.